चिंचोक्यांच्या पिशव्या

१९८७ साली माझी बदली डहाणू तालुक्यातल्या एका शाखेत झाली. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. तिथं दर महिन्याला एक अंगणवाडी सेविका पैसे काढायला यायची. पैसे मोजून झाले तरी काउंटरशी रेंगाळायची. एकदा धीर करून म्हणाली, "मॅडम, नाण्यांच्या फाटक्या पिशव्या टाकूनच देता ना? मला द्याल?" हेडकॅशिअरांना विचारून मी पाच-सहा दिल्या. पुढच्या महिन्यात तिनं त्यांचं काय केलं ते दाखवायला आणलं. कापून, हातानं शिवलेल्या मुठीएवढ्या पिशव्या. एकीत चिंचोके, एकीत वाळू, एकीत भाताचा कोंडा. पोरांनी डोळे मिटून त्या हातात घ्यायच्या आणि जड कुठली, हलकी कुठली, आत काय वाजतंय, ते सांगायचं.

"हे कुणी शिकवलं?"

"कोसबाडला शिकले ना!" जणू ऑक्सफर्डहून आली होती.

पुढच्या रविवारी मी कोसबाडची टेकडी चढले. ताराबाई मोडकांचं नाव ऐकून होते, पण एवढंच. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९३६मध्ये दादरला शिशुविहार काढलं, आणि १९४५मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ तिथं त्यांना येऊन मिळाल्या. मॉन्टेसोरीबाईंची पद्धत आणि तिची महागडी साधनं शहरात ठीक होती. खेड्यात ती परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९५७मध्ये काम कोसबाडला हललं, आणि पुढच्या कितीतरी बालसेविका तिथं तयार झाल्या. शिकायचं ते मुलांच्या समोर, मुलं सांभाळता सांभाळता. आधी त्यांना आंघोळ घालायची, मग गाणं. फसलं तर दुसऱ्या दिवशी वेगळं काही करून बघायचं.

२ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा अंगणातला शब्द देशभर गेला. कौतुकाची गोष्ट. पण काम लाखो बायकांवर आलं, तसं प्रशिक्षणही आटोपशीर करावं लागलं. सेविकेचं मूळ प्रशिक्षण पुढं सव्वीस दिवसांवर आलं. त्यात वजनं, लसीकरण, गरोदर बायांची नोंद, पोषण आहार आणि रजिस्टरं. या सगळ्यातून उरलेल्या फटीत बालशिक्षण.

मला बँकेनं पंधरा दिवस प्रशिक्षणाला पाठवलं होतं. चेकचा कायदा मी तिथं शिकले. नोटांची गड्डी धरायची कशी आणि खोटी नोट बोटाला कशी लागते, हे मात्र हेडकॅशिअरांनी सहा महिने शेजारी बसवून शिकवलं. नोटांची ही गत, तर तीन वर्षांच्या पोराची काय सांगावी?

शहरात वेगळीच तऱ्हा. माझी भाचेसून रीतसर पैसे भरून कोर्स करून आली. साधनं सुरेख हाताळायची. मुलाखतीत तिला मुलांविषयी एक प्रश्न विचारला नाही, इंग्रजी किती सफाईनं बोलते तेवढं पाहिलं. आईबापांनाही तेच हवं असतं, हे आपणही कबूल करायला हवं.

२०२०च्या शैक्षणिक धोरणानं चित्र पालटायचं म्हटलं. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, कमी शिकलेलीला वर्षाची पदविका, बरंचसं मोबाइलवर आणि टीव्हीवर, काम सुरू ठेवून. २०२३मध्ये 'पोषण भी पढाई भी' आलं, त्यात सेविकांना तीन दिवसांचं प्रशिक्षण. २०२४मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम आला. खेळातून शिका, घरच्या भाषेत शिका, भोवतालच्या वस्तू वापरा, असं त्यात आहे. बोर्डीच्या अंगणात हेच चाललं होतं, म्हणून मला आनंदच झाला. तीन दिवसांचा आकडा मात्र घशाखाली उतरत नाही.

आणि मोबाइलचं म्हणाल तर २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या अनेक सेविकांनी सरकारनं दिलेले फोन परतच केले होते. फोन तापायचे, अडकायचे, माहिती भरायचं अ‍ॅप इंग्रजीत. पण दूर पाड्यावरच्या बाईला प्रशिक्षणासाठी घर आठवडाभर सोडता येत नसेल, तर तिला फोनचाच आधार, हेही खरं. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा आमच्यातल्या एक निवृत्त बाई म्हणाल्या, "म्हणजे ही नोकरी आहे, हे समजायला सत्तेचाळीस वर्षं लागली."

गेल्या माघात मावसबहिणीच्या गावी गेले होते. तिथली सेविका पंचविशीची, बी.ए. झालेली. भिंतीला टेकून प्रशिक्षणाचा व्हिडिओ बघत होती, आणि एक पोरगं तिच्या पदराशी झटत होतं. व्हिडिओत डोळे मिटून वस्तू ओळखण्याचा खेळ दाखवत होते. तिनं दोनदा मागं नेऊन पाहिला. मग फोन पालथा ठेवला, कोनाड्यातले चिंचोके काढले आणि इकडंतिकडं बघायला लागली.

मी तिला डहाणूची हकीकत सांगितली.

"मावशी, बँकेत मिळतात का हो अजून तसल्या पिशव्या?"

नाणी आता प्लॅस्टिकच्या पाकिटांतून येतात, मी म्हटलं. तिनं जरा विचार केला आणि शिलाई मशीन कुणाकडं आहे ते विचारायला मदतनीस बाईंना हाक मारली.