घरचा फोन आता घरच्या विजेवर

मिरज हे दवाखान्यांचे गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल उभे केले, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आजही सीमेपलीकडच्या कर्नाटकातून रुग्ण उपचारासाठी मिरज जंक्शनवर उतरतात. अशा गावात घरचा फोन ही कधीच चैन नव्हती. मोबाइल ज्याचा त्याच्या खिशात असतो. घरचा फोन सगळ्या घरासाठी वाजतो. मुले पुण्याला, दुबईला किंवा न्यू जर्सीला आणि आई-वडील ब्राह्मणपुरीतल्या घरात, अशी आज कितीतरी कुटुंबे आहेत. हातात धरायला सोपा, मोठ्या बटणांचा, हाक मारल्यासारखा वाजणारा फोन त्यांना हवाच आहे.

हा फोन आता बदलला आहे. तांब्याच्या तारेची जागा फायबरने घेतली. फायबरच्या मॉडेमला लावलेल्या कॉर्डलेसवरून आपण बोलतो, तेव्हा तो कॉल इंटरनेटच्याच पद्धतीने जातो. नंबर ०२३३ चा, डायल टोन तोच, पण आतली व्यवस्था वेगळी. आणि या बदलातली सर्वांत मोठी गोष्ट घराघरांत कोणी नीट समजावून सांगितलेली नाही. पूर्वी जी काळजी एक्स्चेंज घेत असे, ती आता आपल्याला घ्यायची आहे.

एक्स्चेंजचे काम घरात

जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजकडून येत असे. त्याच दोन तारांतून ४८ व्होल्टचा पुरवठा फोनपर्यंत पोहोचायचा आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग व जनरेटर असायचा. म्हणून अख्ख्या पेठेत लाइट गेली तरी फोन चालू राही. आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात कित्तूरला १९८६ मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज बसले. १२८ लाइनींचे ते यंत्र धूळ आणि ऊन सोसेल, एसीशिवाय चालेल, असे मुद्दाम बनवले होते. वीज, उष्णता, धूळ यांचा विचार आपल्या वतीने इंजिनिअरांनी केला होता. आज तेच काम शोकेसवर ठेवलेला मॉडेम करतो, आणि त्याच्यासाठी हा विचार करणारे दुसरे कोणी नाही.

जोडणी कशी करावी

बहुतेक घरांना वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. फायबरच्या मॉडेमच्या मागे इंटरनेटच्या खाचांपेक्षा लहान अशी एक खाच असते. तिच्यावर टेल, फोन किंवा पॉट्स असे लिहिलेले असते. साध्या कॉर्डलेसच्या बेसची वायर तिथे लावायची. मॉडेमवरचा फोनचा दिवा लागलेला असेल तर सेवा चालू आहे. तो बंद असेल तर फोन बदलून उपयोग नाही. कंपनीला सांगून त्या खाचेवर नंबर चालू करून घ्यावा लागतो. लॉस नावाचा दिवा लाल झाला तर बिघाड फायबरच्या तारेत आहे. तक्रार करताना दिव्यांची ही स्थिती सांगितली तर काम लवकर होते. जुना बीएसएनएलचा नंबर असेल तर फायबर घेण्याआधीच तोच नंबर पुढे चालवता येईल का, ते विचारून घ्यावे.

नव्या हँडसेटची बॅटरी पहिल्यांदा पुस्तिकेत लिहिले आहेत तितके तास पूर्ण चार्ज होऊ द्यावी. आत चार्ज होणारेच सेल हवेत. घड्याळाचे किंवा रिमोटचे साधे सेल घातले तर ते फुटू शकतात. डायलिंग पल्सवर असेल तर टोनवर करावे. हँडसेट बेसला ओळखत नसेल तर बेसवरचे बटण काही सेकंद दाबून, हँडसेटच्या मेनूत नोंदणी निवडावी; पिन मागितला तर बहुधा ०००० असतो. येणारा नंबर दिसत नसेल तर मॉडेमची आणि फोनची नंबर दाखवण्याची पद्धत वेगळी आहे, असे समजावे. ही दुरुस्ती कंपनीचा माणूस मॉडेमच्या सेटिंगमध्ये करू शकतो.

लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावे लागते. फोनबुकमध्ये नंबर साठवतानाच शून्यासह साठवावेत. आजी-आजोबांचे निम्मे ‘फोन लागत नाही’ इथेच सुटतात.

बेस कुठे ठेवायचा, यालाही महत्त्व आहे. खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेले कॉर्डलेस वायफायच्याच पट्ट्यात बोलतात, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवले की खरखर होते. दोघांत निदान दीड-दोन मीटर अंतर ठेवावे. डेक्ट जातीचे फोन १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, त्यांना हा त्रास नाही. याच डेक्टच्या तंत्रावर आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने खेड्यांसाठी फोन आणि इंटरनेट एकत्र देणारी ‘कॉरडेक्ट’ व्यवस्था उभी केली होती. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि लोखंडी कपाटे मात्र दोन्ही प्रकारच्या फोनच्या लहरी अडवतात. बेस कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा.

लहान दवाखान्यासाठी वेगळी वाट आहे. इथे बेसच थेट इंटरनेटच्या केबलने जोडला जातो आणि त्यात सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेले खाते भरायचे असते: सर्व्हरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड. एका बेसवर पाच ते दहा हँडसेट चालतात. काउंटर, ड्रेसिंगची खोली आणि वरचा मजला आपापसांत फुकट बोलू शकतात आणि बाहेरचा कॉल एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो. बसवल्या दिवशीच फॅक्टरीतून आलेला पासवर्ड बदलावा. नाहीतर बाहेरचे लोक आत शिरून आपल्या खात्यावर परदेशी कॉल करू शकतात.

लाइट गेल्यावर

कृष्णेचे २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. पाणी चढले की सुरक्षेसाठी वीज तोडली जाते, आणि नेमका तेव्हाच फोन हवा असतो. फायबरच्या तारेतून वीज येत नाही. मॉडेमला बहुधा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. त्याच व्होल्टेजचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो आणि तो मॉडेमला काही तास सांभाळतो. घरी इन्व्हर्टर असेल तर मॉडेमचा प्लग त्याच्या लाइनवर घ्यावा.

पण एवढ्याने भागत नाही. कॉर्डलेसच्या बेसला स्वतःचा वेगळा अडॅप्टर असतो. मॉडेम चालू राहिला तरी बेस बंद पडला की हँडसेट निरुपयोगी. म्हणून बेसचा प्लगही इन्व्हर्टरवर हवा. याहून साधा उपाय म्हणजे जुना वायरचा फोन टाकून न देणे. तो मॉडेमच्या फोनच्या खाचेतूनच वीज घेतो, त्याला वेगळा प्लग लागत नाही. लाइट गेली की कॉर्डलेसची वायर काढायची आणि तो लावायचा. दोन्ही एकदम लावायचे असतील तर पाच मिनिटांत बसणारा एक दुहेरी सॉकेट पुरतो.

आवाज, आणि मिरजेचा कान

इंटरनेटचा वेग वाढवला की आवाज सुधारेल, असा समज आहे. तसे होत नाही. फोन आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतो आणि २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवतो, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे. सगळे मिळून १०० केबीपीएसही लागत नाहीत. महत्त्व आहे ते ही पाकिटे वेळेवर आणि क्रमाने पोहोचण्याला. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांत पोहोचला तर बोलणे सहज वाटते. त्यापलीकडे गेले की दोघे एकदम बोलू लागतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे मिरज ते अमेरिका एवढ्या अंतराला ६५ मिलिसेकंद तरी लागणारच. त्यात घरचे गर्दीचे वायफाय भर घालते. कॉल चालू असताना दुसरे कोणी मोठा व्हिडिओ चढवत असेल तर आवाज तुटतो.

साधा फोन ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज नेतो. बोलण्याला तो पुरतो, पण मिरजेतल्या एका व्यवसायाला अजिबात पुरत नाही. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची सगळी जादू जवारीत असते. घोडीचा माथा घासून, तारेखाली सूत सरकवत कारागीर ती उघडतो, तेव्हा मूळ स्वरावर वरच्या स्वरांची झळाळी चढते. ती झळाळी ३,४०० च्या वर बरीच पसरलेली असते. साध्या फोनवर गिऱ्हाइकाला तंबोरा ऐकवला तर मूळ स्वर जाईल, जवारी मागे राहील. रुंद पट्ट्याचा, ज्याला एचडी म्हणतात तो कॉल ७,००० हर्ट्झपर्यंत नेतो. तो बराच बरा. मोबाइल अॅपवरून ऐकवताना गोंगाट कमी करण्याची सोय बंद करावी, कारण सतत चालणारा तंबोरा तिला पंख्याच्या आवाजासारखाच वाटतो आणि ती तो पुसून टाकते.

नियम आणि सावधगिरी

इंटरनेटवरून साध्या नंबरांना फोन करण्याची वाट दूरसंचार विभागाने जून २०१८ मध्ये स्पष्ट केली. मात्र नंबर देशातल्या परवानाधारक कंपनीकडूनच घ्यायचा. ‘हा डबा घरी ठेवा, महिन्याला भाडे देतो’ असे सांगत कोणी आले तर दारातूनच परत पाठवावे. परदेशी कॉल चोरून इथल्या नंबरांवर वळवण्याचे हे धंदे असतात आणि गुन्हा घरमालकाच्या गळ्यात येतो. परदेशातल्या मुलांशी रोजचे बोलणे अॅपवर स्वस्त पडते, पण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपच्या कॉलवर बंधने आहेत. तिथल्या मुलांनी घरच्या नंबरवर कसा फोन करायचा ते आधी ठरवून ठेवावे.

घरचा फोन उचलणारे बहुतेक वेळा वडीलधारे असतात, हे ठगांनाही ठाऊक आहे. पोलीस किंवा सीबीआय फोनवरून कोणाला अटक करत नाहीत. पैसे गेले तर क्षणही न दवडता १९३० ला फोन करावा. हा नंबर, रुग्णवाहिकेचा १०८ आणि मदतीचा ११२, असे तिन्ही हँडसेटच्या पहिल्या बटणांवर बसवावेत.

गणपतीला किंवा दिवाळीला मुले घरी येतात, तेव्हा त्यांनी एक काम करावे. मेन स्विच बंद करून आईच्या किंवा वडिलांच्या हातात फोन द्यावा आणि आपला नंबर लावायला सांगावे. लागला तर उत्तम. लागला नाही तर काय कमी आहे ते तिथेच कळेल, आणि अडीअडचणीच्या रात्रीआधी ते भरून काढता येईल. तांब्याच्या तारेने जो भरवसा आपल्याला न मागता दिला, तो फायबरवरही मिळतो. फक्त तो आता आपण स्वतः बसवायचा आहे.