मखरातली मुलगी

नायजेरियातील इबिबिओ लोकांत पूर्वी एक चाल होती. लग्नाजोगी मुलगी काही काळ खोलीत एकांतात राही. तिला कामाला लावीत नसत. भरपूर खाऊपिऊ घालीत. वडीलधाऱ्या बायका संसाराचे धडे देत आणि मग नटवून तिला गावासमोर आणीत. हे ऐकून आपल्याला हसू येते. पण आपल्या माजघरात डोकावले, तर ते हसू ओसरेल.

आपल्याकडे भोंडल्यात, हस्ताच्या पावसात, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून अविवाहित पोरी सासरच्या जाचाची गाणी म्हणत. खेळता खेळता सासर शिकण्याचीच ती शाळा! पुढे श्रावणात नव्या सुनांची मंगळागौर. रात्रभर झिम्मा-फुगडी आणि मनातले बोलायला मोकळीक. बायकांचा असा संघ आपल्याकडेही होता. त्याला नाव मात्र कोणी दिले नाही.

फरक होता तो क्रमात. ब्राह्मणादी घरांत लग्न आठव्या-दहाव्या वर्षी आधीच होई, दीक्षा नंतर. मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवीत, ओटी भरीत, गोडधोड करीत आणि लागलीच गर्भाधानाचा मुहूर्त पाहत. कौतुक मोठे, पण तिला विचारी कोण?

१८९० मध्ये कलकत्त्याची फुलमणी ही बालिका पतीच्या बळजोरीने दगावली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक त्या कायद्याच्या विरोधात उभे राहिले. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे. स्वराज्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. तरी या वादात मुलीची बाजू दुबळी पडली, हे नाकारता येत नाही. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरवले. १९७८ मध्ये ते अठरा झाले. मुलगी न्हाण येईपर्यंत माहेरीच राहू लागली, तसे सासरचे मखर उठले.

त्याच १९२९ साली, कर लादला जाणार या धास्तीने, इबिबिओ आणि इग्बो बायका हजारोंनी सरकारी कचेऱ्यांवर चालून गेल्या. गोळीबारात पन्नासाहून अधिक बायका पडल्या. बायकांच्या जुन्या एकोप्यानेच त्यांना एकत्र आणले होते.

मखर गेले ते बरेच झाले. पण भोंडल्याचा फेर मात्र मोडू नये. फेर धरायला शिकलेले हात वेळ पडली तर मुलीच्या पाठीशीही उभे राहतात.