मानसोपचारातील आंतरवैयक्तिक सिद्धांत आणि व्यक्तिमत्त्व मापन : ग्रामीण महाविद्यालयाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मानसोपचार आणि समुपदेशन हे विषय आता मोठ्या शहरांतील रुग्णालयांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. करमाळा तालुक्यातील केम हे कुंकवासाठी ओळखले जाणारे, रेल्वेस्थानक असलेले गाव. अशा गावाच्या परिसरातील विद्यार्थ्याचे म्हणणे प्रथम ऐकून घेणारी व्यक्ती मात्र बहुधा त्याचा प्राध्यापकच असतो. अशा वेळी एखादी व्यक्तिमत्त्व चाचणी हाताशी असेल, तर तिच्या गुणांवरून विद्यार्थ्याविषयी मत बनविण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखात आंतरवैयक्तिक सिद्धांताचा आणि त्यातून आलेल्या मापनपद्धतींचा परिचय करून दिला आहे. त्याचबरोबर मराठी नातेव्यवस्थेत चाचणीचे गुण वाचताना ‘कोणाशी वागताना?’ हा प्रश्न का टाळता येत नाही, याचे विवेचन केले आहे.

१. सिद्धांताची जडणघडण

या विचारप्रवाहाचे प्रवर्तक म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन (१८९२–१९४९) यांचे नाव घेतले जाते. १९२० च्या दशकात मेरीलँडमधील शेपर्ड अँड इनॉक प्रॅट रुग्णालयात त्यांनी छिन्नमनस्कतेच्या तरुण रुग्णांवर काम केले. रुग्णाशी दिवसभर संबंध येणाऱ्या परिचारकांचे वागणे हा उपचाराचाच भाग आहे, असे त्यांना तेथे दिसून आले. त्यांच्या व्याख्यानांवर आधारित ‘द इंटरपर्सनल थिअरी ऑफ सायकिअ‍ॅट्री’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

सलिव्हन यांच्या मते व्यक्तिमत्त्व ही माणसाच्या आत बंदिस्त असलेली वस्तू नव्हे. माणसामाणसांतील ज्या प्रसंगांची आयुष्यात पुनरावृत्ती होत राहते, त्यांच्या तुलनेने टिकाऊ आकृतिबंधास ते व्यक्तिमत्त्व म्हणतात. चिंतेचा उगमही ते नात्यातच शोधतात. आईची अस्वस्थता तान्ह्या बाळापर्यंत पोहोचते आणि पुढे ती टाळण्यासाठी माणूस वागण्याच्या काही ठरावीक तऱ्हा अंगी बाणवतो. यातून उपचारकाच्या भूमिकेविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. उपचारक हा बाहेर उभा राहून पाहणारा परीक्षक नसून सहभागी निरीक्षक असतो. समोरची व्यक्ती जशी वागते, त्यात त्याच्या स्वतःच्या वागण्याचाही वाटा असतो.

२. मापनाचे दोन अक्ष

सलिव्हन यांच्या या कल्पनांना मोजता येण्याजोगे रूप देण्याचे काम कॅलिफोर्नियातील संशोधकांच्या एका गटाने केले. टिमथी लिअरी यांच्या १९५७ मधील ‘इंटरपर्सनल डायग्नोसिस ऑफ पर्सनॅलिटी’ या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी आढळते. परस्परांशी होणारे वागणे दोन अक्षांवर मांडता येते, असे या गटाने दाखविले. उभ्या अक्षाच्या एका टोकास वर्चस्व व दुसऱ्या टोकास अधीनता असते. आडव्या अक्षाच्या एका टोकास जिव्हाळा व दुसऱ्या टोकास वैरभाव किंवा दुरावा असतो. या अक्षांभोवती वर्तुळ काढून त्याचे आठ भाग केले, की प्रत्येक भाग वागण्याची एक तऱ्हा दाखवितो. वर्तुळात शेजारी असणाऱ्या तऱ्हा परस्परांशी मिळत्याजुळत्या, तर समोरासमोरच्या परस्परविरोधी असतात.

लेनर्ड हॉरोविट्झ व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये आंतरवैयक्तिक समस्यांची शोधिका प्रसिद्ध केली. तिच्यातील विधाने उपचारासाठी आलेल्या व्यक्तींच्या तक्रारींवरून घेतलेली होती. जे करणे जड जाते ते, आणि जे प्रमाणाबाहेर केले जाते ते, असे या तक्रारींचे दोन प्रकार होते. १९९० मध्ये ऑल्डन, विगिन्स व पिंकस यांनी यातून वर्तुळाच्या आठ भागांसाठी प्रत्येकी आठ, अशा एकूण चौसष्ट विधानांची श्रेणी तयार केली.

डोनाल्ड किसलर यांनी १९८३ मध्ये पूरकतेचे तत्त्व सविस्तर मांडले. जिव्हाळ्यास जिव्हाळ्याचा व वैरास वैराचा प्रतिसाद मिळण्याकडे कल असतो; वर्चस्वास मात्र अधीनतेचा आणि अधीनतेस वर्चस्वाचा. दबून वागणारी व्यक्ती समोरच्याला नकळत हुकूम देण्याच्या जागी नेऊन बसविते. म्हणून समोरची व्यक्ती आपल्याला काय करावयास भाग पाडीत आहे याची उपचारकाने घेतलेली नोंद, हेही मापनाचे एक साधन ठरते.

रोगनिदानाच्या अलीकडील पद्धतींतही या दृष्टिकोनास स्थान मिळाले आहे. २०१३ च्या डीएसएम-५ मधील व्यक्तिमत्त्व विकारांच्या पर्यायी प्रारूपात ‘स्व’चे कार्य व आंतरवैयक्तिक कार्य यांतील बिघाड हा पहिला निकष आहे. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्येही या विकारांची तीव्रता ठरविताना याच दोन बाबी पाहिल्या जातात.

३. मराठी नातेव्यवस्था आणि चाचणीचे वाचन

वरील दोन अक्ष मराठी भाषकाला नवे नाहीत. बोलण्यास तोंड उघडताच तो त्या दोन्हींवर आपली जागा निश्चित करीत असतो. रॉजर ब्राऊन व अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये संबोधनाच्या सर्वनामांमागे सत्ता व जवळीक अशी दोन तत्त्वे असल्याचे दाखविले होते. आपल्याकडे आई वडीलधारी असूनही तिला ‘तू’ म्हटले जाते आणि विठ्ठलालाही ‘तू’च. अनेक घरांत वडिलांना ‘तुम्ही’, नवऱ्याला ‘अहो’ आणि थोरल्या जावेला ‘जाऊबाई’ म्हणून हाक मारतात. आईला म्हटलेल्या ‘तू’मध्ये जवळीक असते, तेच ‘तू’ गड्याला उद्देशून आले, की त्यात सत्ता असते. मराठीत बोलताना ‘कोणाशी’ हे ठरविल्यावाचून साधे क्रियापदही चालविता येत नाही.

चाचण्यांतील विधाने मात्र बहुधा ‘इतर लोकांशी’ अशा सर्वसाधारण स्वरूपात असतात. येथे भाषांतराची एक सूक्ष्म अडचण उद्भवते. मराठीत ‘लोक’ म्हणजे पुष्कळदा घराबाहेरचे. ‘लोक काय म्हणतील’ या बोलण्यातील लोकांत आई, आत्या किंवा चुलते सहसा येत नाहीत. ती आपली माणसे. लोकांना नकार देणे जड जाते काय, असे विचारल्यास विद्यार्थिनी दुकानदाराचा किंवा वर्गमैत्रिणीचा विचार करून ‘नाही’ असे उत्तर देईल. तिची खरी कोंडी घरातील नात्यात असेल, तर ती चाचणीच्या नजरेतून निसटेल. याच्या उलटही घडते. वडीलधाऱ्यांपुढे हळू बोलणे, खाली पाहणे, निर्णय त्यांच्यावर सोपविणे ही अनेक घरांतील रीत आहे. परक्या समाजाच्या प्रमाणकांवर ती मोजली, तर रीतीलाच दोषाचे नाव मिळण्याचा संभव असतो. प्रमाणीकरण न केलेल्या भाषांतरित चाचणीच्या गुणांवरून निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

याचा अर्थ नात्यातील सर्व अधीनता निरोगी मानावी, असा नव्हे. अधीनतेमुळे व्यक्तीला त्रास होत आहे काय आणि प्रसंगानुसार वागणे बदलण्याची लवचीकता तिच्यात आहे काय, या दोन कसोट्या येथे लावाव्या लागतात. एकाच तऱ्हेत अडकून पडणे, म्हणजे ताठरपणा, हे बिघाडाचे लक्षण असल्याचे लिअरी यांनीही प्रतिपादन केले आहे.

४. एक कल्पित उदाहरण

समजा, कला शाखेच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीस चाचणीत अधीनतेच्या बाजूस उच्च गुण मिळाले. ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असा शेरा मारून तिला व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळेस पाठविणे सोपे आहे. पण ‘कोणाशी?’ असे विचारल्यावर निराळे चित्र दिसते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ती गटाचे नेतृत्व करते. आईशी मोकळेपणाने भांडते. केवळ वडील व चुलते यांच्यासमोर तिची वाचा बंद होते आणि सध्या घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. अडचण तिच्या संपूर्ण व्यक्तिमत्त्वात नसून एका विशिष्ट नात्यात व एका विशिष्ट वळणावर आहे.

जेराल्ड क्लेरमन, मिर्ना वाइसमन व सहकाऱ्यांनी नैराश्यासाठी विकसित केलेली आणि १९८४ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली आंतरवैयक्तिक उपचारपद्धती येथे मार्गदर्शक ठरते. शोक, भूमिकासंघर्ष, भूमिकांतर आणि आंतरवैयक्तिक उणीव अशी चार समस्याक्षेत्रे तिने कल्पिली आहेत. उपरोक्त विद्यार्थिनीचा प्रश्न भूमिकासंघर्षाचा व भूमिकांतराचा आहे. तिला उणिवेच्या रकान्यात टाकल्यास उपचाराची दिशाच चुकेल.

पूरकतेचे तत्त्वही येथे विसरता येत नाही. ती मान खाली घालून ‘हो सर’ म्हणते आणि प्राध्यापक भराभर सल्ले देऊ लागतात. वडील व चुलते यांच्या जोडीला निर्णय घेणारा आणखी एक वडीलधारा तिच्यासमोर उभा राहतो. येथे प्राध्यापकांनी सल्ला आवरून तिला काय वाटते हे विचारणे, हीच उपचाराची पहिली पायरी होय.

५. भारतीय अनुभव

भारतीय संदर्भात जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-शिष्य नात्याकडे उपचाराचे एक प्रतिमान म्हणून लक्ष वेधले. आपल्याकडे साहाय्य मागणारी व्यक्ती उपचारकाला सहजच वडीलकीचा मान देते. तो झिडकारण्यापेक्षा आरंभी स्वीकारून टप्प्याटप्प्याने जबाबदारी तिच्या हाती सोपविणे अधिक हिताचे ठरू शकते.

प्रत्यक्ष उपयोजनाचे जवळचे उदाहरण गोव्यात सापडते. विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. चोवीस प्राथमिक उपचार केंद्रांत झालेल्या या अभ्यासात मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण व देखरेख लाभलेल्या समुपदेशकांनी काम केले. माहिती देणे, गरजेनुसार औषधे आणि आंतरवैयक्तिक उपचार अशा पायऱ्या त्यात होत्या. सार्वजनिक केंद्रांतील निदान झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण या गटात ६५.९ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक आढळला नाही. हे यश संपूर्ण योजनेचे आहे. ते एकट्या आंतरवैयक्तिक उपचारांच्या नावे मांडता येणार नाही. तथापि योग्य प्रशिक्षण व देखरेख असल्यास तज्ज्ञेतर व्यक्तीही उपयुक्त काम करू शकते, हे त्यावरून स्पष्ट होते.

६. प्राध्यापकांसाठी काही सूचना

(१) चाचणीचे गुण हा संभाषणाचा आरंभ समजावा, निकाल नव्हे. (२) प्रत्येक महत्त्वाच्या उत्तरानंतर ‘कोणाशी वागताना?’ व ‘केव्हापासून?’ असे विचारावे. (३) विद्यार्थी नातेवाइकांना व आपल्याला कोणत्या संबोधनाने हाक मारतो, याकडे लक्ष द्यावे. (४) भेटीनंतर सल्ला देणे, रागावणे, कीव करणे यांपैकी आपल्या मनात काय आले, त्याची नोंद ठेवावी. (५) चाचणीचे गुण विद्यार्थ्याच्या संमतीविना पालकांना अथवा सहकाऱ्यांना सांगू नयेत. (६) निदान करणे हे प्राध्यापकाचे काम नव्हे. आत्महत्येचे विचार किंवा तीव्र लक्षणे आढळल्यास विद्यार्थ्यास एकटे न सोडता तातडीने तज्ज्ञांकडे न्यावे. अशा वेळी गोपनीयतेपेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक विभागात लावलेला असावा.

समारोप

व्यक्तिमत्त्व मापनाने मानसोपचारास शिस्त दिली, तर आंतरवैयक्तिक सिद्धांताने त्या मापनाला नात्याचे भान दिले. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी भाची, घरातील थोरली किंवा धाकटी म्हणून जगत असतो. त्याच्या नावापुढे लिहिलेला ‘दबलेला’ किंवा ‘हट्टी’ हा एक शब्द पुढे घरापर्यंत, प्रसंगी सोयरिकीपर्यंत पोहोचू शकतो. तो शब्द लिहिण्यापूर्वी ज्या नात्यात तो खरा आहे त्याचा शोध घेणे, ही मापन करणाऱ्याची जबाबदारी आहे.