हसवता हसवता हिशेब मागणारी खंजेरी

वऱ्हाडात विनोद मुद्दाम सांगावा लागत नाही, तो बोलीतच असतो, असं आम्ही अमरावती-अकोल्याकडची माणसं मोठ्या ऐटीत सांगत असतो. 'काहून', 'बाप्पा' आणि 'लेका' या तीन शब्दांत इथला माणूस राग, आश्चर्य आणि माया सगळं उरकतो. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या 'मिर्झा एक्स्प्रेस'नं तर हीच बोली गावोगावच्या व्यासपीठांवर नेली आणि माणसांना पोट धरधरून हसवलं. पण वऱ्हाडात हसण्याची आणखी एक रीत आहे. तिच्यात आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते. ही रीत आज ज्यांच्या नावाशी जोडली गेली आहे ते म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज चिंचोलीकर.

ज्यांनी त्यांचा कार्यक्रम पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खंजेरी म्हणजे लाकडी कड्यावर चामडं ताणून बसवलेलं, कडेला झांजांच्या चकत्या असलेलं छोटंसं वाद्य. एरवी ते एका हातात धरायचं आणि दुसऱ्या हातानं वाजवायचं. सत्यपाल महाराज मात्र एकाच वेळी सात खंजेऱ्या मांडून बसतात. कड्याचा आकार आणि चामड्याचा ताण बदलला की आवाज बदलतो. त्यामुळे एक खंजेरी खणखणते, दुसरी घुमते, तिसरी नुसतीच कुरकुरते. दोन्ही हात मोकळे ठेवून ते या सातही खंजेऱ्यांना बोलतं करतात आणि मध्येच हात थांबवून समोरच्या माणसांशी बोलू लागतात. 'सप्तखंजेरी' हे नाव यावरूनच पडलं. यासाठी संगीताच्या शाळेची पायरी चढावी लागली नाही की महागडी वाद्यं आणावी लागली नाहीत.

मी हा कार्यक्रम पहिल्यांदा पाहिला तो एका खेड्यातल्या यात्रेत. समोर बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला आणि पोरंटोरं थेट व्यासपीठाला चिकटून. सुरुवातीला सगळे खंजेरीवर खूश होते. मग विषय निघाला दारूचा, मग खर्ऱ्याचा, मग हुंड्याचा, मग कर्ज काढून घातलेल्या तेरवीच्या जेवणाचा. प्रत्येक विषयाला एक नक्कल, एक चिमटा आणि वर खंजेरीचा तडाखा. माझ्या पुढे बसलेली एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती आणि शेजारणीला म्हणत होती, "बाप्पा, आमच्या घरचं यायले कोनं सांगतलं?" पुरुषांच्या बाजूला मात्र एव्हाना काहीजण हसायचे थांबले होते. त्यांना आपापलं घर आठवलं असावं.

या विनोदाचं मर्म इथं आहे, असं मला वाटतं. भाषणातून 'दारू सोडा' म्हटलं की माणूस हात बांधून ऐकतो आणि घरी जातो. पण स्वतःच्याच चालीची नक्कल पाहून तो एकदा हसला, की हसण्यातून त्यानं ती गोष्ट कबूल केलेली असते. नंतर नाही म्हणायला जागा उरत नाही!

ही रीत काही एका माणसानं एका दिवसात शोधलेली नाही. तिची दोन मुळं अमरावती जिल्ह्यातच सापडतात. खंजेरी आली ती तुकडोजी महाराजांकडून. १९०९ साली यावलीला जन्मलेल्या या संतानं १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि खंजेरीवर भजनं म्हणत गावं जागवली. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटकही झाली. १९५५ साली ते जपानातल्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आले, तरी हातातलं वाद्य बदललं नाही.

दुसरं मूळ गाडगेबाबांचं. १८७६ साली शेंडगावला परीट कुटुंबात जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर हा माणूस दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री कीर्तन करून त्याच गावाची डोकी झाडायचा. त्यांच्या कीर्तनात निरूपण थोडं आणि सवाल-जवाब फार. साधासा प्रश्न विचारायचा, लोकांकडून 'हो' किंवा 'नाही' वदवून घ्यायचं आणि त्या उत्तरांनीच लोकांना कोंडीत पकडायचं. सभा हसत हसत स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची. बाबांना दारूवर बोलण्याचा हक्कही होता, कारण त्यांच्या वडिलांचा घास दारूनंच घेतला होता. स्वतःच्या मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे मटण आणि दारू न देता त्यांनी जातभाईंना गोडाचं जेवण वाढलं, ही गोष्ट वऱ्हाडात घराघरात सांगितली जाते. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी त्यांनी देह ठेवला. जादूटोण्याच्या आणि अघोरी प्रथांच्या विरोधातला कायदा महाराष्ट्रात आला तो २०१३ साली, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. बाबा त्याच्या कितीतरी आधीपासून नवसाच्या कोंबड्या-बकऱ्यांची वकिली करत होते.

जरा दूरचं एक उदाहरण देतो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड नावाचं एकेकाळचं कोळशाचं आणि जहाजबांधणीचं गाव आहे. तिथं १९७९ साली 'टॉय डॉल्स' नावाचा वाद्यवृंद निघाला. त्या काळात तिकडे 'पंक रॉक' नावाच्या गाण्याची लाट होती. बेकार तरुणांनी हाती गिटार घ्यायची, तीन सूर जमले की पुरे, आणि जगावरचा राग बेंबीच्या देठापासून ओरडून काढायचा. 'टॉय डॉल्स'नी मात्र रागाऐवजी चेष्टा निवडली. त्यांचा म्होरक्या 'ओल्गा' या नावानं वावरतो. भलेमोठे चश्मे, चिरका आवाज आणि शेजारपाजारच्या माणसांवरची गमतीदार गाणी. १९५६ च्या एका बालगीतातली सर्कशीतून पळालेली हत्तीण त्यांनी आपल्या वेगात पळवली आणि १९८४ साली ते गाणं इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर जाऊन बसलं. त्यानंतर साथीदार किती आले आणि किती गेले, ओल्गा मात्र गात राहिला.

संडरलंड कुठं आणि सिरसोली कुठं! पण वाद्य स्वस्त, आवाज मोठा, गाणं आपल्या गल्लीच्या बोलीत आणि गुरूची परवानगी कुणी मागायची नाही, एवढं दोघांत सारखं आहे. फरक पुढं सुरू होतो. त्या पोरांनी लोकांना हसवलं आणि निरोप घेतला. करमणूक करणाऱ्यानं एवढं केलं तरी पुष्कळ झालं. आमचा खंजेरीवाला मात्र हसवून झाल्यावर हिशेब मागतो.

आणि हा हिशेब कोणत्या मुलखात मागायचा? कपाशीच्या आणि कर्जाच्या! २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. त्या सहांत अमरावती आणि अकोलाही होते. ज्या गावात गेल्याच महिन्यात एका घराचा कर्ता गेला, तिथं विनोद करायचा तरी कसा, असा प्रश्न मला अनेकदा पडला आहे. उत्तर मला कार्यक्रमातच मिळालं. तिथं गरिबीची चेष्टा होत नाही. चेष्टा होते ती गरिबाला लग्नात, तेरवीत आणि बुवाच्या पायाशी पैसे उधळायला लावणाऱ्या रिवाजाची. हसायचं कुणाला आणि कुणाबरोबर, हे ज्याला कळलं त्यालाच अशा गावात खंजेरी वाजवता येते.

या हसवण्याची किंमतही मोजावी लागली आहे. मे २०१७ मध्ये मुंबईत नायगावला कार्यक्रमानंतर एका तरुणानं सत्यपाल महाराजांवर चाकूनं वार केले. ते बचावले आणि पुन्हा लोकांसमोर उभे राहिले. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या घरात कुणी फारसं बोललं नाही. ज्या माणसानं आजवर हातात खंजेरीखेरीज काही धरलं नव्हतं, त्याच्यावर सुरा चालतो, हे घरातल्या लहान मुलांना समजावून सांगणं कठीण होतं.

आता त्यांच्या तालमीतली, त्यांचं पाहून शिकलेली कितीतरी तरुण मुलं खंजेऱ्या मांडून बसू लागली आहेत. नावामागं 'पाल' लावून ती गुरूचं नातं सांगतात. ही आनंदाची गोष्ट आहे. काळजी आहे ती वेगळीच. हल्ली अख्खा कार्यक्रम कुणी पाहत नाही, मोबाइलवर दोन मिनिटांचा तुकडा येतो. त्यात नक्कल असते, हशा असतो, खंजेरीचा तडाखा असतो. त्यानंतर येणारा प्रश्न तेवढा कापला गेलेला असतो. तुकडा पाहून बाप हसतो, मुलगा हसतो आणि खर्ऱ्याची पुडी खिशातच राहते. ऐकणाऱ्याला प्रश्न नको असेल, तर विचारणाराही हळूहळू विचारायचं सोडून देईल. मग उरतील नुसत्या सात खंजेऱ्या आणि हातांची करामत.

म्हणून सांगावंसं वाटतं, तुमच्या गावात, वस्तीत असा कार्यक्रम ठरला तर सहकुटुंब जा. मुलांना पुढं बसवा, आजीलाही न्या आणि शेवटपर्यंत थांबा. मनसोक्त हसा. घरी परतताना वाटेत मुलानं "बाबा, ते आपल्याबद्दलच बोलत होते का?" असं विचारलंच, तर विषय बदलू नका.