शंभराची जोड

दुपारचे अडीच वाजलेत आणि आखाड्यात पाण्याचा टँकर उभा आहे. एक पोरगा मागच्या पाइपला अंगठा लावून फवारा काढतोय. सकाळी दोनदा रोटर फिरलाय, माती फूटभर मोकळी झालीय. पाणी पडतं तिथं ती काळी होते आणि टँकर पुढं सरकेपर्यंत पुन्हा भुरी. चैत्राचं ऊन तिला भिजू देत नाही. तालमीच्या हौदातली माती वर्षानुवर्षं मुरलेली असते. तेल, ताक, हळद, लिंबू पिऊन लाल आणि लोण्यासारखी झालेली. ही शेतातली माती. महिन्यापूर्वी इथं शाळू उभा होता. सात-आठ पोरं वाकून धसकटं आणि खडे वेचतायत, शर्टाच्या ओच्यात भरून बांधापलीकडे टाकतायत.

येरळेच्या काठचं गाव. नदी कोरडी. काल पालखी झाली, रात्री छबिना, पहाटेपर्यंत तमाशा. आज मैदान. या भागात यात्रेचं 'मैदान' म्हटलं की कुस्त्याच. दुसरा अर्थ कुणी घेत नाही.

एसटी थांब्यापासून फ्लेक्स लागलेत. वर ग्रामदैवत, खाली यात्रा कमिटी, मध्ये पैलवानांच्या जोड्या समोरासमोर. पहिल्या क्रमांकाची कुस्ती 2 लाखांची. मग दीड लाख, मग 1 लाख, मग 50 हजार. आकडे उतरत जातात तसे फोटो लहान होत जातात. अगदी तळाला एक ओळ आहे: याशिवाय चटकदार कुस्त्या जोडल्या जातील. त्या ओळीला फोटो नाही, नाव नाही, रक्कम नाही. मी त्या ओळीसाठी येतो, म्हणून अडीचला येतो. 2 लाखांची कुस्ती दिवे लागल्यावर होईल. तोवर या मातीत काय काय घडून जातं, ते उशिरा येणाऱ्याला कधीच कळत नाही.

बसायला जागा आहे, सावली नाही. पश्चिमेची बाजू आधी भरते. तिथं ऊन पाठीवर येतं. समोरून घेतलं तर डोळे उघडे राहत नाहीत. उभ्या ट्रॉलीखाली जेवढी सावली, तेवढी म्हातारी माणसं. त्यातले एक बाबा मला बघून सरकतात.

"कुठलं पावणं?"

"सांगलीचं."

"मग बसा की हिथं. आन् टावेल गुंडाळा डोक्याला. तीन म्हंत्यात, चारबिगर नारळ फुटत न्हाय."

त्यांचे दोन्ही कान मुडपून गेलेत, वाळलेल्या अंजिरासारखे. कान बघितला की वय आणि गाव विचारायच्या आधी धंदा कळतो. ते कधी लढले, कुणाशी लढले, मी विचारत नाही. आज ते बघायला आलेत.

पलीकडे पाचटाचा जाळ पेटलाय. एवढ्या उन्हात जाळ, पण त्याशिवाय भागत नाही. हलगीवाले हलग्या शेकतायत. कातडं तापलं की ताणतं, ताणलं की कडकडतं. एक जण हलगी जाळावर धरतो, फिरवतो, टिपरूनं एकदा वाजवून बघतो, मान हलवतो, पुन्हा धरतो. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटलाय. शेजारी घुमकं आणि कैताळ पडून आहेत. तिघं मिळून वाजवायला लागतील, तेव्हा छातीच्या फासळ्यांत काहीतरी हलेल. आज पाच तास ते वाजवणार आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणी खुर्ची टाकलेली नाही.

चारला दहा कमी असताना नारळ फुटतो. मारुतीच्या तसबिरीला हार. तसबिरीशेजारी एक जुना कृष्णधवल फोटो, त्यालाही हार. कराडजवळच्या गोळेश्वरच्या मल्लाचा. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यानं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. गोळेश्वर इथून लांब नाही. या फोटोकडे बोट दाखवून बाप पोराला काहीतरी सांगतोय, असं दृश्य मी जवळजवळ प्रत्येक मैदानात बघतो.

आता जोडी लावायचं काम सुरू होतं. मला यात सर्वांत जास्त वेळ उभं राहायला आवडतं.

कमिटीचं टेबल. एक वही, एक कातडी बॅग, बॅगेवर एक हात कायम. टेबलासमोर साठ-सत्तर पोरं लंगोट लावून दाटीवाटीनं उभी. आठ वर्षांपासून सोळापर्यंतची. पायाला चटके बसतायत म्हणून सगळी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. वजनकाटा नाही. मॅटवरच्या स्पर्धेत किलोवर गट पडतात. इथं वस्ताद नजरेनं तोलतात. दोन पोरं समोरासमोर उभी करतात, खांद्याला खांदा लावून बघतात, मनगट चिमटीत धरतात, मानेवरून हात फिरवतात. "न्हाय. ह्यो भारी जातोय." बाजूला. पुन्हा दुसरा. ज्याला जोड मिळत नाही तो हात वर करून आखाड्याला फेरी मारतो: आहे का कुणी माझ्या तोडीचा? गर्दीतून एखादं पोरगं शर्ट काढतच उठतं. कुणी नाही उठलं तर फेरी वाया जाते. एका नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या तीन फेऱ्या वाया गेल्यात. तो रडत नाही, पण खालचा ओठ दातात धरून उभा आहे.

निळ्या लंगोटातल्या पोराचा बाप माझ्या शेजारी उभा आहे. हातात पोराची चड्डी, शर्ट, पाण्याची बाटली आणि एक स्टीलचा डबा. पोरगं अकराचं. तालुक्याच्या तालमीत राहतं. पहाटे साडेचारला उठतं, दोनशे जोर, तीनशे बैठका, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा माती.

"खुराकाचं कसं भागवता?" मी विचारतो.

"दोन म्हशी हायत. एकीचं दूध डेरीला जातंय, एकीचं ह्येला." तो डबा हलवून दाखवतो. आत भिजवलेले बदाम आहेत. "बदाम तेवढं इकत घ्यावं लागत्यात. पंचवीस दिसाला. त्ये वस्तादांनी सांगितलंय."

"आणि पुढं?"

तो लगेच उत्तर देत नाही. समोर एक पाच फुटी वस्ताद त्याच्या पोराचं मनगट धरून बघतायत. "लेकीचं लग्न झालं. रान दीड एकर, त्येला पानी न्हाय. बँकेत ठिवायजोगं काय हातात येत न्हाय. मग म्हनलं, पोराच्या अंगात ठिवू."

जोड लागते. लाल लंगोटातला, नदीपलीकडच्या गावचा. उंची सारखी, मान सारखी. शंभर रुपयांची कुस्ती.

हलगी बदलते. आतापर्यंत ती चालत होती, आता पळायला लागते. दोघं वाकून माती कपाळाला लावतात, मग एकमेकांच्या खांद्यावर माती टाकतात, घामानं हात निसटू नये म्हणून. शड्डू ठोकतात. लहान मांडीवरचा लहान आवाज. कुणी हसत नाही.

खडाखडी सुरू. डोक्याला डोकं, मानेवर हात, दोघांचे पाय मातीत घोट्यापर्यंत रुतलेले. निळा एकेरी पट काढायला खाली शिरतो. लाल पाय मागं फेकून वरून दाबतो. धुरळा. आता निळा खाली पालथा, लाल पाठीवर, कब्जा घेतलाय. घिस्सा ओढायला लंगोटात हात घालतो. निळा दोन्ही हात पसरून मातीला चिकटलाय, हनुवटी मातीत, डोळे मिटलेले. बाप डबा छातीशी धरून उभा आहे. ओरडत नाही. ओठ हलतायत: "गुडघा घे... गुडघा घे बाळा." हलगीत त्याचं त्यालाही ऐकू जात नसेल.

पोरगं गुडघा घेतं. उठतं. पुन्हा खडाखडी.

चार मिनिटं होतात, सहा होतात. आता निळ्यानं लालला फिरवलंय, लाल उलटा होतोय, पाठ खाली जातेय, जातेय, आणि तो मानेवर पूल करून थांबतो. पाठ आणि माती यांच्यात चार बोटांचं अंतर. पंच आडवा होऊन गाल मातीला लावून बघतो. ट्रॉलीखालचे बाबा उठून उन्हात आलेत. सगळं मैदान त्या चार बोटांकडे बघतंय. लाल मान वळवतो, कूस बदलतो आणि सुटतो. एकदम आरोळी उठते. ती लालसाठी आहे, निळ्यासाठी आहे, सांगता येत नाही.

दहा मिनिटांनी दोघांचे हात नुसते एकमेकांच्या खांद्यावर टेकलेत. धापा एका तालात. वस्ताद आत येतात. "सोडवा." गर्दीतून काही जण निकाली करा म्हणून ओरडतात. वस्ताद हात वर करतात. "लेकरं हायत. बरोबरी. दोघांस्नी निम्मं निम्मं."

निवेदक माइकवरून दोघांच्या गावांची नावं घेतो, तालमींची घेतो, वस्तादांची घेतो. टेबलावरचा माणूस बॅगेत हात घालतो. पन्नासच्या नोटा संपल्यात. तो शंभराची एकच नोट काढतो आणि दोघांच्या मध्ये धरतो. क्षणभर कुणीच घेत नाही. मग लाल घेतो, निळ्याकडे बघतो, आणि दोघं तसेच मातीनं माखलेले, लंगोटावर, नोट मोडायला रसाच्या गाड्याकडे चालायला लागतात.

मी मागं जातो.

गाड्यापाशी रांग आहे. चरकाचे घुंगरू वाजतायत. रांगेतली मोठी माणसं पोरांना पुढं घालतात. रसवाला सुट्टे नाहीत म्हणतो. काही घ्या, मग देतो. दोघं एकमेकांकडे बघतात. ग्लास वीस रुपये. निळा बोटं मोजतो. दोन ग्लास म्हणजे चाळीस, राहिले साठ, म्हणजे तीस तीस. "चालतंय," लाल म्हणतो. रस येतो. फेसाच्या मिश्या लागतात, मिश्यांना माती. तिशीच्या वाटण्या होतात: वीसची एक, दहाची एक. निळा नोटा मुठीत धरून पळत बापाकडे जातो. बाप मोजत नाही. नोटांवरची माती झटकून त्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवतो, डब्याचं झाकण उघडतो आणि बदाम त्याच्या ओंजळीत ओततो.

साडेपाच. ऊन तिरकं झालंय. आता कुस्त्या पाचशेच्या, हजाराच्या. आखाड्यात एका वेळी चार-चार जोड्या, कुठं बघावं कळत नाही. जिंकलेला पैलवान गर्दीच्या कडेनं फिरतो आणि लोक त्याच्या हातावर दहा, वीस, पन्नास ठेवतात. दोन मुलींची कुस्ती लागते. मॅटवर शिकलेल्या, दोघींचे पाय विलक्षण चपळ. ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती 2004 साली अथेन्सला आली. या मातीत यायला तिला आणखी वेळ लागला. सुरुवातीला गर्दीत थोडी कुजबुज होते. दुसऱ्या मिनिटाला ढाक लागते, पाठ मातीला, आणि कुजबुजीची आरोळी होते. जिंकलेली मुलगी फेरीला निघते. घराच्या माळवदावरून बघणाऱ्या बायका आज पहिल्यांदाच टाळ्या वाजवतायत. एक म्हातारी खाली येऊन चोळीतली चंची सोडते आणि दहाची नोट तिच्या हातावर ठेवून तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडते.

दिवे लागतात. आता माणूस मावत नाही. विजेच्या खांबावर, लिंबाच्या फांदीवर, एसटी थांब्याच्या पत्र्यावर. भज्यांचा घाणा, भेळेचा कांदा, डिझेल, घाम, ओली माती. मोठे पैलवान गाड्यांतून येतात, फेटे बांधले जातात, सत्कार होतात, सत्कार संपत नाहीत. हलगीवाले अजून उभेच आहेत. एकाच्या बोटाला चिंधी गुंडाळलीय.

2 लाखांची कुस्ती आठला लागते. वीस मिनिटं खडाखडी. दोघांचे खांदे म्हणजे बैलाची वशिंडं. मग एका श्वासात पट, कब्जा, घिस्सा, आणि आकाशाकडे तोंड करून पडलेला एक माणूस. दोऱ्या तुटतात, गर्दी आत घुसते, गुलाल उडतो.

आमच्या ट्रॉलीवर मात्र निळा आणि लाल अजून बसलेले आहेत. अंग धुतलंय, कानात माती तशीच. बाप ट्रॅक्टर जोडायला गेलाय. लालचं गाव वाटेवरच, म्हणून तोही याच ट्रॉलीनं जाणार. निळ्यानं लालचा हात आपल्या मानेवर घेतलाय आणि त्याला काहीतरी समजावतोय.

"हिथं तू मान वळवलीस. न्हायतर गेलाच हुतास."

"आन् तू गुडघा कसा घेतलास? म्या तर पुरा दाबला हुता."

"दाव की, कसा दाबला हुतास."

लाल दाबतो. निळा गुडघा घेतो. ट्रॉली हलायला लागते, दोघं तोल जाऊन एकमेकांवर पडतात.

"आयतवारी हिंगनगावची यात्रा हाय," निळा उठता उठता म्हणतो. "येनार हायस न्हवं?"

"येतो की. पर अगुदर टेबलाला जायाचं न्हाय. आपुन दोघंच हात धरून फिरायचं."