भाजलं? आधी नळ सोडा

फराळ तळताना तेल हातावर उडतं आणि घरात पहिली धाव टूथपेस्टकडे जाते. कृपा करून ती लावू नका. हळद, शाई, बर्फही नको. वाहत्या साध्या पाण्याखाली हात पूर्ण २० मिनिटं धरा. आग थांबल्यासारखी वाटली तरी कातडीच्या आतल्या थरांत उष्णता मुरलेली असते, म्हणून दोन मिनिटांत नळ बंद करून भागत नाही. उशिरा आठवलं तरी ३ तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठी काढा. फोड फोडू नका. स्वच्छ, न चिकटणारं कापड सैल गुंडाळा. तळहातापेक्षा मोठी जखम, चेहरा, सांधा, विजेचा चटका किंवा भाजलेलं लहान मूल असेल तर थेट दवाखाना गाठा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.