कंपायलरची कात्री

विरार पश्चिमेला, बोळिंजच्या म्हाडा वसाहतीत एक बाई घरी बसून जीसीसी दुरुस्त करतात. नाव छापायचं नाही, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. जीसीसी हा कंपायलर. सी भाषेतला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा सूचनांत उतरवून देणारा. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली खुला केला. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कार्यशाळा घेऊन त्याचं पोट उघडून दाखवलं. बाकी इतिहास कुठेही वाचायला मिळतो.

मला खिळवलं ते त्याच्या एका खोडीने. पुढे कुणी वाचणार नसेल तर लिहायचंच कशाला, असा त्याचा रोखठोक हिशेब.

बाईंनी दहा-बारा ओळींचा प्रोग्राम दाखवला. पासवर्ड घ्यायचा, तपासायचा, मग मेमसेट या फंक्शनने त्या जागेवर शून्यं लिहायची. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करण्याची काटछाट, चालू करून कंपाइल केला, यंत्रभाषेतला मजकूर उघडला, तर शून्यांची ओळ गायब! पासवर्ड मेमरीत जसाच्या तसा. डीबगरला, म्हणजे चुका शोधायच्या साधनाला, शेजारच्या एका व्हेरिएबलची किंमत विचारली, तर उत्तर आलं, ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’.

“कापतो ते कापतो, वर सांगतही नाही,” बाई म्हणाल्या.

आणि मेमरीत उरलेला पासवर्ड तिथेच राहील असंही नाही. मेमरी कमी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम काही पानं डिस्कवर हलवते, त्यांच्याबरोबर गुपितही जातं. एमलॉक हा सिस्टीम कॉल ही पानं (एक पान बहुधा ४०९६ बाइटांचं) रॅममध्येच डांबून ठेवतो. पण कुलूप निघालं आणि पुसणारी ओळ आधीच कापलेली असली, तर डिस्कची वाट पुन्हा मोकळी. म्हणून २०१७ साली ग्लिबसी या सीच्या लायब्ररीत ‘एक्सप्लिसिट बीझीरो’ हे पुसण्याचं फंक्शन आलं; त्याला कंपायलर कात्री लावत नाही. जुना कोड मात्र अजून मेमसेटवरच आहे. त्यासाठी बाईंनी जीसीसीत एक छोटा बदल, म्हणजे पॅच, लिहिला आहे. तो कात्री अडवत नाही, कोणती ओळ कापली तेवढा इशारा देतो. एवढ्यावर थांबण्यातलं शहाणपण मला पटलं. सरसकट बंदी घातली, तर कोड हळू झाल्याची ओरड पहिल्यांदा त्यांच्याच ऑफिसातून आली असती.

पण पॅच लिहिणं हा सोपा भाग. बदललेला जीसीसी आधी तीनदा बांधायचा, पहिल्यांदा जुन्या कंपायलरने, मग दोनदा त्याने स्वतःलाच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या फाइली तंतोतंत जुळायला हव्यात. बाईंच्या जुन्या लॅपटॉपवर यात अख्खी दुपार जाते, मध्येच वीज गेली आणि बॅटरीने मान टाकली की पुन्हा मांडामांड. शिवाय डीबगची माहिती मागितली काय, न मागितली काय, यंत्राचा कोड एकच निघाला पाहिजे. नाहीतर तपासायचा प्रोग्राम एक आणि चालणारा दुसराच. ही तुलना करणाऱ्या चाचणीत त्यांचा पॅच एका फाइलीवर अडला होता. आणि हे सगळं सुटलं तरी पासवर्डच्या ज्या प्रती कंपायलर स्वतःच्या सोयीसाठी रजिस्टरात किंवा स्टॅकवर ठेवतो, त्या कुलपाबाहेरच राहतात. त्यांचं काय, असं विचारल्यावर बाईंनी वहीतलं पान उलटलं. तिथे फक्त प्रश्नांची यादी होती.